घरी बनवलेला कॅनिस्टर फिल्टर, आठ महिने वापरल्यावर

माशांची टाकी १२० लिटरची आहे, गप्पी, टेट्रा आणि कोपऱ्यात लपून बसणारा एक प्लेको. आधी हँग-ऑन, म्हणजे टाकीच्या कडेला अडकवायचा फिल्टर होता, त्यात मीडिया, म्हणजे पाणी गाळायचे स्पंज, रिंग वगैरे मावेना म्हणून कॅनिस्टर, म्हणजे टाकीखाली ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, घरीच करायचं डोक्यात आलं. आठ महिने झालेत, फिल्टर चालतोय, पण हा दुसरा आहे, पहिला तीन आठवड्यांत गेला.

पहिला केला होता किचनमधल्या क्लिप लॉकच्या चौकोनी डब्याचा. भोकं पाडली, नळ्या घातल्या, वरून भरपूर सिलिकॉन. दोन चुका एकदम. एकतर असले डबे बहुतेक पॉलीप्रॉपिलीनचे असतात आणि त्याला सिलिकॉन नीट धरतच नाही, दिसायला चिकटलेलं दिसतं पण नखाने ओढलं की पट्टीच्या पट्टी सुटून येते. दुसरी चूक माझ्या लक्षातच आली नव्हती. टाकीतलं पाणी झाकणापासून साधारण एक मीटर उंच, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला शंभर ग्रॅम दाब, आणि २० बाय २० चं झाकण म्हणजे ४०० चौरस सेंटीमीटर. चाळीस किलो! तेही पंप बंद असताना. झाकण मध्ये फुगायचं, कडेचं रबर सुटायचं आणि मी आपला रोज सिलिकॉनचा नवा थर देतोय.

मग ६ इंची पीव्हीसी पाईप आणला, ४५ सेंटीमीटर लांब, खाली एंड कॅप सॉल्व्हंटने (पीव्हीसी जोडायच्या डिंकाने) कायमची चिकटवली, वर आट्यांचं झाकण आणि त्यात ओ-रिंग, म्हणजे रबराचं गोल कडं. गोल असल्यामुळे फुगत नाही, आणि आटे असल्यामुळे झाकण सगळीकडून सारखं आवळलं जातं. ओ-रिंगला व्हॅसलीन लावू नका, काही रबरं त्याने फुगतात, सिलिकॉन ग्रीस घ्या. नळ्यांसाठी दोन्ही बाजूंनी वॉशर असलेले टँक कनेक्टर, आट्यांवर टेफ्लॉन टेप. सॉल्व्हंट वाळल्यावर बाहेर बादलीत एक रात्र भरून ठेवला, मगच टाकीखाली.

पंप मी डब्यात न ठेवता टाकीतच ठेवला, परतीच्या नळीच्या टोकाला, डब्यातून पाणी ओढणारा. त्यामुळे वायरसाठी भोक नाही आणि पंपाकडे गाळलेलं पाणी येतं म्हणून इम्पेलर, म्हणजे पंपातलं फिरणारं पातं, घाण होत नाही. फक्त टाकीत दिसायला तो वाईट दिसतो. बऱ्याच जणांना वाटतं की पाणी खालून वर चढवायला दणकट पंप लागेल, पण डबा बंद असल्यामुळे दोन्ही नळ्यांतल्या पाण्याचं वजन एकमेकांना तोलतं, पंपाला फक्त नळीचं आणि मीडियाचं घर्षण झेलायचं असतं. माझ्या पंपावर १००० लिटर तासाला लिहिलंय, बादली लावून मोजलं तर ६०० च्या आसपास, म्हणजे टाकीच्या पाच पट, पुरे आहे.

आत खाली जाड स्पंज, मग सिरॅमिक रिंग, सगळ्यात वर फ्लॉस, म्हणजे बारीक घाण अडवणारा कापसासारखा थर. पाणी तळातून शिरतं. सुरुवातीला महिनाभर पाण्यात अमोनिया आणि नायट्राइट (दोन्ही माशांना विषारी) दिसत होते, ते संपवणारे बॅक्टेरिया मीडियावर बसायला वेळ लागतोच, त्या काळात मासे वाढवले नाहीत आणि जुना स्पंज आत टाकला होता त्याचा फायदा झाला असं मला वाटतं.

सहा आठवड्यांनी धार निम्मी होते तेव्हा उघडतो. स्पंज आणि रिंग टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलवायच्या, नळाखाली नाही, क्लोरीनने बॅक्टेरिया मरतात. फ्लॉस फेकून नवा. दोन्ही नळ्यांना बॉल व्हॉल्व्ह आहेत म्हणून डबा काढताना जमीन ओली होत नाही, हे व्हॉल्व्ह पहिल्या वेळी मी टाळले होते आणि काय सांगू.

लाईट चार-पाच तास गेली तर डब्यातलं पाणी ओतून देतो आणि मगच चालू करतो, कारण आतला ऑक्सिजन संपून ते पाणी कुजकं झालेलं असतं, थेट माशांवर सोडायचं नाही. आणि आत येणाऱ्या नळीला पाण्याच्या पातळीच्या चार बोटं खाली एक बारीक भोक पाडलंय, कधी नळी निसटलीच तर पातळी तिथवर आली की हवा शिरते आणि सायफन, म्हणजे नळीतून आपोआप वाहणारी धार, तुटतो, अख्खी टाकी हॉलमध्ये येत नाही. पंपही त्याच कारणासाठी वरच लटकवलाय.

कटकट एकच राहिलीय, प्रत्येक सफाईनंतर हवा अडकते आणि डबा तिरका करून दोन-तीन वेळा हलवावा लागतो तेव्हा गुरगुर थांबते. डब्याखाली पहिल्या फिल्टरच्या वेळचा प्लास्टिकचा टब अजून तसाच आहे, कोरडा ठणठणीत, पण काढायची हिंमत होत नाही.