नागिणीनंतरची आग आणि सिस्टरांचा अर्धा तास

नागीण बरी होऊन पाच महिने उलटले तरी आईच्या उजव्या बरगडीखालची आग शमेना, तेव्हा आम्ही लोकमान्य नगरातून इंदूरमधल्याच एका खासगी वेदना-उपचार केंद्रात जाऊ लागलो. पुरळ गेल्यावरही तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारे असे दुखणे मज्जातंतूंचे असते, हे डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितले. पुढचा अर्धा तास सिस्टरांचा होता, आणि या केंद्राची शिफारस मी करते ती त्या अर्ध्या तासासाठी.

सिस्टर केरळच्या, बोलणे हिंदीतून. आईने ‘ठणका’, ‘चमका’, ‘मुंग्या’ असे मराठीच शब्द वापरले, तेव्हा प्रत्येकाचा अर्थ माझ्याकडून समजून घेऊन त्यांनी ते जसेच्या तसे वहीत उतरवले, कारण हे दुखणे एक्स-रेमध्ये दिसत नाही आणि त्याचे निदान बरेचसे रोग्याच्या शब्दांवरच उभे असते. मग कापसाचा बोळा हलकेच फिरवत, नुसता स्पर्शही कुठपर्यंत सोसत नाही, ते पाहिले. (सुती पोलकेही आईला का नकोसे होते, हे आम्हाला तेव्हा कळले, तोवर आम्ही तिला कुरकुरी ठरवले होते.) प्रीगाबालिन हे मज्जातंतूंच्या दुखण्यावरचे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते म्हणून क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडे नीट चालतात का ते दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, अहवाल आधी मागितला, रात्री उठताना चक्कर येऊ नये म्हणून पलंगाच्या कडेला थोडे बसायला शिकवले, आणि गोळी आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही, हे दोनदा बजावले.

उणीव एकच, पण मोठी. चौथ्या दिवशी आई दिवसभर झापडेत राहू लागली. सिस्टरांनी फोनवरच कारण ओळखले, पण मात्रा बदलण्याचा अधिकार त्यांना नाही आणि डॉक्टर बाहेरगावी, त्यामुळे दोन दिवस वाट पाहावी लागली. अमेरिकेत १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात रुजलेल्या परंपरेतल्या नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे पुढचे प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका, अनेक राज्यांत स्वतः औषध लिहून देतात; आपल्या इंडियन नर्सिंग कौन्सिलचाही अतिदक्षता विभागासाठी त्या नावाचा अभ्यासक्रम आहे, पण बाह्यरुग्ण कक्षातल्या या सिस्टरांच्या हाती त्याने काही पडत नाही. निदान बदली डॉक्टरांची सोय तरी केंद्राने करायला हवी होती.

मात्रा कमी केल्यावर झापड गेली. दुखणे दहापैकी आठवरून चारवर आल्याची नोंद सिस्टरांच्या वहीत आहे. जाणाऱ्यांनी आधीच्या सगळ्या औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात. सिस्टर त्या मागतातच.