22,949 रुपये गेले, पोट हाय तिथंच

बेळगावच्या शहापुरात माझं कापडाचं दुकान हाय. दिवसभर गादीवर बसून पोट सुटलेलं, टेपनं 104 सेंमी. पुरुषाचं 90 च्या वर नको म्हणून डॉक्टर ओरडलेले. तेवढ्यात वजन उतरवायच्या एका क्लबचा ‘फ्री बॉडी स्कॅन’चा बोर्ड दिसला. पुढचं तुम्हाला ठाऊकच की, कोच, जेवणाऐवजी प्यायचा पावडरीचा शेक, ग्रुप, टाळ्या.

रजिस्ट्रेशन 499, पहिला पॅक 7,850, दुसरा 9,600, वर ‘चॅलेंज’चं डिपॉझिट 5,000, पोट उतरलं की परत म्हणे.

कळायला पाहिजे हुतं ते पहिल्याच दिवशी. मशीनवर मी चढलो, पोटातली चरबी 14. माझ्या मागनं भाचा चढला, पोरगं म्हणजे नुसती काठी, त्याला 13! ते मशीन पायातनं करंट सोडतंय आणि घातलेल्या उंची-वयावरनं आकडा काढतंय, आणि कोचनं माझीच उंची-वय तसंच ठेवलेलं. मी हे डोळ्यानं बघितलं, हसलो बी, आणि तिथंच यूपीआय केलं. दिवसभर टेप गळ्यात घालून बसणारा माणूस मी, आणि स्वतःच्या पोटाचं माप दुसऱ्याच्या मशीनवर सोडलं!

येडा नव्हतो हो. महिन्यात 3 किलो उतरलं की. पण दोन वेळचं जेवण बंद करून शेक प्यायलो तर उतरणारच, डब्याची काय करामत? जेवायला लागलो, दीड महिन्यात सगळं परत. एकट्या पोटाची चरबी काढणारी पावडर नसतीच. डब्यावर बारीक अक्षरात औषध म्हणून वापरू नये असं छापलेलं, ते आधी वाचा.

आता तक्रार. पोलीस म्हणाले स्वखुशीनं दिलात की, आणि अर्ज कन्नडात आणा. 200 देऊन टाइप करून नेला तर ‘नाळे बन्नी’, म्हणजे उद्या या. नाळे गेलो, साहेब बंदोबस्ताला. सायबर फसवणुकीच्या 1930 नंबरला फोन लावला, तर दुकानात जाऊन दिलेले पैसे त्यांच्यात बसत नाहीत म्हणे. अन्न सुरक्षा खात्यात गेलो, त्या फूडवाल्यांनी विचारलं, बिल कुठाय? माझ्या दुकानात रुमालाला बिल देतो मी, आणि 22 हजाराला घेतलं नाही! लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात 1954 च्या कायद्यानं बंद हाय म्हणालो तर म्हणाले, हे औषध कुठाय, फूड हाय. म्हणजे विकताना औषध, तक्रारीला फूड. बाकी ग्राहक हेल्पलाइनचा 1915 लावून बघा, मला तक्रारीचा नंबर तरी मिळाला.

बिलाशिवाय डबा घेऊ नका. डिपॉझिट मागितलं की उठा. शुगर-बीपीची गोळी कोच बंद करा म्हणाला तर तिथनं पळा.

त्या क्लबचं शटर आता बंद हाय. भाचा परवा सांगत हुता, खानापूर रोडला तसलाच बोर्ड लागलाय, नाव दुसरं, मशीन तेच.