होल्डो की पो? बाजू लिहून देण्याआधी

माझी पुतणी बारावीला आहे, तालुक्याच्या कॉलेजात. स्नेहसंमेलनातल्या वादविवाद स्पर्धेला यंदा सरांनी नेहमीचा ‘मोबाईल शाप की वरदान’ दिला नाही. मुलांना ‘स्टार वॉर्स: द लास्ट जेडाय’ दाखवला आणि विषय दिला, ‘संकटात सेनापतीने आपली योजना सैनिकांना सांगायलाच हवी.’ अनुकूल की प्रतिकूल, ते सोमवारपर्यंत लिहून द्यायचं. शनिवारी संध्याकाळी पोट्टी ओट्यावर येऊन बसली. “काका, मी कोन्ती बाजू घेऊ?”

पाहिल्याशिवाय सल्ला कसा देणार? रविवारी दुपारी पाण्याच्या गुंडाला तिचा मोबाईल टेकवून १५२ मिनिटं बसलो. २०१७ च्या डिसेंबरात हा चित्रपट आला, तेव्हा आमच्याकडे अवकाशातल्या लढाईची कोणाला पडली होती! बोंड फोडलं की आत गुलाबी अळी, अशी त्या हंगामाची गत. त्यामुळे माझं पाहणं उशिराचं. बाजूला आई सुपात तूर पाखडत होती. जांभळ्या केसांची, पायघोळ झग्यातली होल्डो नावाची सेनाधिकारी पडद्यावर आली तशी आई म्हणाली, “लग्नाले चालली काय वं हे बाई?” ही थट्टा मुद्द्याची आहे, ते पुढे सांगतो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट इतकीच. रेझिस्टन्स या बंडखोर सेनेची उरलीसुरली तीन जहाजं पळताहेत आणि मागे फर्स्ट ऑर्डर या जुलमी सत्तेचं अवाढव्य आरमार लागलंय. प्रकाशवेगाने उडी मारून निसटावं, तर शत्रूला आता तिथेही माग काढता येतो, आणि इंधन एकाच उडीपुरतं आहे. रेझिस्टन्सची सेनापती लेया हल्ल्यात जखमी होऊन बेशुद्ध, बाकीचे मोठे अधिकारी ठार. सूत्रं येतात व्हाइस अॅडमिरल होल्डोकडे. पो डॅमरन नावाचा धडाडीचा वैमानिक तिला विचारतो, पुढे काय करायचं ठरलंय? ती त्याला त्याची जागा दाखवते आणि हुकूम पाळायला सांगते. पो मग फिन आणि रोझ या साथीदारांना परस्पर दुसऱ्याच मोहिमेवर पाठवतो, आणि शेवटी बंदूक रोखून होल्डोकडून जहाज हिसकावतो.

होल्डोची योजना मात्र होती, आणि चांगली होती. छोट्या होड्यांसारखी वाहतूक यानं गुपचूप सोडायची. शत्रूची नजर मोठ्या जहाजावर, बारक्या यानांकडे तो बघतच नाहीये. जवळच्या क्रेट ग्रहावर बंडखोरांचा जुना तळ आहे, माणसं तिथे उतरवायची. मोठं जहाज रिकामं पळत राहणार, आणि ते चालवायला ती स्वतः मागे थांबणार.

आता प्रतिकूल बाजूकडे काय काय आहे ते बघा. ती पहिल्या नजरेला वाटते तेवढी कमजोर नाही.

पहिली गोष्ट पोची वागणूक. चित्रपटाच्या सुरुवातीलाच लेया त्याला माघारी बोलावते. तो संपर्क बंद करून पुढे जातो. शत्रूचं एक मोठं जहाज पडतं, पण त्यापायी बॉम्ब टाकणारी सगळी विमानं जातात. रोझची बहीण त्यातच मरते. लेया त्याच्या थोबाडीत मारते आणि कमांडरचा कॅप्टन करते. होल्डोला हे सगळं माहीत आहे. ताज्या ताज्या पदावनत झालेल्या माणसाला तिने सगळा नकाशा उलगडून का दाखवावा?

दुसरी गोष्ट जास्त जड आहे. गुपित फुटतं ते पोच्याच तोंडून. यानं भरली जाताहेत हे तो फिनला संपर्कयंत्रावर सांगतो, आणि फिनच्या शेजारी उभा असतो डीजे नावाचा भाडोत्री चोर. पकडले गेल्यावर तो ही खबर विकून स्वतःची मान सोडवतो. मग फर्स्ट ऑर्डर त्या बिनशस्त्र यानांवर नेम धरते आणि ती एकामागून एक फुटतात. आरंभी होल्डो सांगते, तीन जहाजांवर आपण चारशे जण आहोत. शेवटी वाचलेले सगळे मिलेनियम फाल्कन नावाच्या एकाच लहान यानात मावतात. प्रतिकूल बाजूच्या वक्त्याने हे दोनच आकडे सांगून पाच सेकंद गप्प उभं राहावं.

तिसरी, तिचा शेवट. माणसं मरताना बघून ती जहाज वळवते आणि प्रकाशवेगाने शत्रूच्या सर्वात मोठ्या जहाजातून आरपार जाते. पडद्यावर सगळा आवाज बंद होतो, तेव्हा आईचं सूपही थांबलं होतं. शुद्धीवर आलेली लेया पोला सांगते त्याचा अर्थ असा, की होल्डोला शूर दिसण्यापेक्षा आशेचा उजेड जपणं महत्त्वाचं वाटत होतं. आईच्या थट्टेचा मुद्दा तो हा. पोला, आणि प्रेक्षकालाही, होल्डो सेनापतीसारखी ‘दिसत’ नाही, म्हणून अर्धा अविश्वास तिथूनच सुरू होतो. लेखक-दिग्दर्शक रायन जॉन्सनने तो मुद्दाम पेरलाय. आपण पोच्या बाजूने का झुकतो, हे स्पर्धेत कोणी उघडं केलं तर परीक्षक मान डोलावतील.

आमच्या गल्लीतले लष्करातून निवृत्त हवालदारबाबा यांना गोष्ट सांगितली. त्यांनी एकच विचारलं, “अन् त्या पोट्ट्याले शिक्षा काय झाली?” काहीच नाही. लेया त्याला बेशुद्ध करणारी गोळी मारते, नंतर होल्डो म्हणते मला तो आवडतो, आणि शेवटी लेया त्याच्याच मागे चला म्हणते. हवालदारबाबा कपाळाला हात लावून बसले. आपल्या १९५० च्या लष्कर कायद्यात बंडाला देहदंडापर्यंत शिक्षा आहे. पण पुढे ते जे बोलले ते दुसऱ्या पारड्यात पडलं. “पन आमाले जायच्या आधी वाळूचा नकाशा करून दाखवत. हा नाला, हे टेकडी, तू इथं. तारीख नाही सांगत, टाइम नाही सांगत. पन तुयं काम काय अन् ते कायच्यासाठी, हे सांगितल्याबिगर माणूस उभा राह्यते काय?”

इथे मला माझीच जुनी गोष्ट आठवली. पोट्टीला ती सांगितलीच, इथेही सांगतो.

सहासात वर्षांपूर्वी आम्ही नाल्याकाठच्या हरभऱ्यात जागलीला जायचो. रानडुकरांचा कळप रोजचा. आमच्यातले वयाने मोठे दाजी सांगतील तसं सगळे बसायचे. तीन बाजूंनी जुन्या साड्या बांधल्या होत्या, नाल्याची बाजू मोकळी. दाजींनी मला नाल्यावर बसवलं. “काही झालं तरी बॅटरी लावाची नाही,” एवढं म्हणून निघून गेले. काळोख असा की स्वतःचा हात दिसेना. बाराच्या पुढे वाळक्या पानांवर पावलं वाजली, मग घुरघूर, मग अगदी दहा हातांवर. मी बॅटरी लावली. डोळ्यांची चमकती रांग दिसली आणि सगळा कळप उलटा फिरून हरभऱ्यात घुसला. दाजी पलीकडून डबे वाजवत त्यांना नाल्यातून बाहेर काढायला हाकत होते. ती वाट अंधारी ठेवायची होती, म्हणून बॅटरी नाही. सकाळी लोळवलेला हरभरा बघत ते म्हणाले, “लावू नको म्हनलं होतं नं?” मी म्हणालो, “काऊन नाही लावाची ते नाही सांगितलं.” दोघांचंही खरं होतं. शेत मात्र तिसऱ्याचंच होतं.

तेव्हापासून माझं मत एका जागी अडकलंय. बेत लपवणं वेगळं आणि बेत आहे हेच लपवणं वेगळं. होल्डोने क्रेटचं नाव सांगायची गरज नव्हती. “आपल्याकडे वाट आहे, ती उघड बोलता येत नाही, तोवर तुझं काम हे,” एवढं एक वाक्य पोच्या पदरात टाकलं असतं तरी पुरलं असतं. तेही ती बोलत नाही. पो तिला इंधनाचा हिशेब विचारतो, ती त्याला आगाऊ वैमानिक म्हणून मोकळी होते. आणि बंडात पो एकटा नाही. लेफ्टनंट कॉनिक्ससारखी शिस्तीतली अधिकारीही त्याच्या बाजूला जाते. एक तापट पोरगा बिथरला तर दोष पोराचा. जहाजावरची शहाणी माणसंही बिथरली, तर सेनापतीकडे बघावं लागतं.

होल्डोचे चाहते म्हणतात, जहाजावर फितूर असल्याचा संशय असणार, म्हणून ती गप्प. हा बचाव प्रेक्षकांचा आहे; चित्रपटात होल्डो तसं कुठेही म्हणत नाही. प्रतिकूल बाजू घेणाऱ्याने यावर विसंबू नये, समोरचा एका प्रश्नात पाडेल.

अनुकूल बाजूचा खरा हुकमी पत्ता त्या फुटलेल्या गुपितातच आहे. ते फुटलं कशामुळे? फिन आणि रोझ बाहेर गेले म्हणून. ते का गेले? पोला वाटलं, वरच्यांकडे काहीच बेत नाही. म्हणजे न सांगण्यातूनच ती मोहीम निघाली, त्या मोहिमेतून डीजे आला आणि डीजेमुळे यानं फुटली. प्रतिकूलवाला ‘पोने फोडलं’ म्हणाला, की ही साखळी उलट्या क्रमाने त्याच्यापुढे ठेवायची.

मराठी व्यासपीठावर कोणीतरी बाजीप्रभूंना आणणार, हे धरूनच चला. होल्डो मागे थांबते, बाजीप्रभू खिंडीत थांबतात. तुलना तोंडावर येतेच, आणि बहुतेक ती प्रतिकूलवाला आणेल. आणू द्या. १६६० च्या त्या रात्रीची जी गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, तिचा जीव तोफांच्या इशारतीत आहे. महाराज विशाळगडावर पोचले की तोफा वाजणार, तोवर खिंड लढवायची. खिंडीतल्या प्रत्येक मावळ्याला आपण कशासाठी आणि कुठवर उभे आहोत हे ठाऊक होतं. होल्डोच्या माणसांना तोफेचा आवाज कधी येणार हेच माहीत नव्हतं. मग प्रतिकूलवाला आग्र्याला जाईल: १६६६ च्या सुटकेचा बेत काय ढोल वाजवून सांगितला होता? नव्हता, बरोबर आहे. पण तिथे माणसांनी महाराजांना वर्षानुवर्षं पाहिलेलं होतं. भरवशाची शिल्लक मोठी असली की माणूस न विचारता पेटाऱ्यातही बसतो. पो होल्डोला आधी भेटलेला नाही, फक्त नाव ऐकून आहे. लेयाच्या नावावर साठलेला भरवसा होल्डोने स्वतःचा समजून खर्चला, असं मला वाटतं.

दुसरा चित्रपट हाताशी हवा असेल तर २०१३ चा ‘एंडर्स गेम’. त्यातला कर्नल ग्राफ (हॅरिसन फोर्ड) पोरांना सांगतो की हा सराव आहे. एंडर एक अख्खा ग्रह नष्ट करतो आणि मग कळतं, लढाई खरी होती. होल्डो गप्प राहते, ग्राफ खोटं बोलतो. ग्राफसमोर होल्डो साधीच वाटते, त्यामुळे हे उदाहरण अनुकूलवाल्याने जपून वापरावं, नाहीतर होल्डोचीच बाजू वर जाते.

आता निवडीचं. विषयातला ‘सांगायलाच’ हा शब्द नीट वाचा. त्यातला ‘च’ अनुकूल बाजूच्या गळ्यात बांधलेली घंटा आहे. एकही अपवाद दाखवला की अनुकूल बाजू डळमळते, आणि युद्धात अपवाद पैशाला पासरी. म्हणून चढून गुण मिळवायचे असतील तर प्रतिकूल सोपी. अनुकूल घ्यायची असेल तर पहिल्याच मिनिटात ‘योजना’ या शब्दाची हद्द आखून घ्यावी लागेल: जागा नाही, वेळ नाही, फक्त ‘बेत आहे आणि तुझं काम हे.’ हवालदारबाबांचं वाक्य तिथे जसंच्या तसं बसतं. ही हद्द आखायची विसरलात तर मात्र उरलेली चार मिनिटं बचावात जातील.

होल्डोचा निर्णय बरोबर होता का? होता. ती भरवशाची होती का? मी तिच्या जहाजावर असतो तर बॅटरी लावली असती, एवढं नक्की. म्हणून मी पोट्टीला अनुकूल घे म्हणालो.

सोमवारी रात्री तिचा फोन आला. प्रतिकूल लिहून दिलं होतं.

“काऊन वं?”

“सगळ्या पोट्ट्यायले पो व्हाचं हाय, काका. अनुकूलले अकरा नावं हायेत. प्रतिकूलले आम्ही तिघीच, बोलाले टाइम जास्त भेटते.”