ज्येष्ठांच्या साहित्यवर्गासाठी घेतलेला माईक, मोठ्या अक्षरांचे कागद आणि टॅब: वापरानंतरचा अनुभव

दिवाळीनंतर बडोद्यात दांडिया बाजारच्या बाजूला आमचा ज्येष्ठांचा मराठी साहित्यवर्ग सुरू झाला, बुधवारी दुपारी, चहाच्या आत संपवायचा या अटीवर. सगळे साठीपुढचे, दोघं-तिघं तर ऐंशी ओलांडलेले. मी शिकवते, म्हणजे निदान सुरुवातीला तसं ठरलं होतं. आता पावसाळा आलाय आणि सगळ्या वस्तू भरपूर वापरून झाल्यात तर लिहून टाकते, कारण मी शोधत होते तेव्हा जे मिळायचं ते सगळं शाळेच्या पोरांसाठीचं.

आधी माईक. ब्लूटूथ स्पीकरच्या भानगडीत पडू नका. गाणी ऐकायला तो मस्त, पण फोनचा माईक जोडून त्यावर वाचायला लागलं की आवाज किंचित उशिरा येतो, वाचणाऱ्याला आपलाच मागचा शब्द ऐकू येतो आणि तो अडखळतो. आम्ही वायरवाला साधा हातातला माईक आणि चार्जिंगचा छोटा स्पीकर घेतला, दोन्ही मिळून तीनेक हजारात. आणि आवाज नुसता मोठा करून काही होत नाही हं. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीचं ऐकू येणं कमी होतं, म्हणजे स, श, फ असली व्यंजनं पुसट होतात आणि स्वर मात्र नीट पोचतात, म्हणूनच एक काकू सारख्या म्हणायच्या, "ऐकू येतंय गं, पण कळत नाहीये." बेसचं, म्हणजे जाड आवाजाचं बटण कमी केलं, ट्रेबल, म्हणजे बारीक आवाजाचं थोडं वाढवलं, वाचताना पंखा एकवर आणला, तेव्हा कुठे त्यांचं ते म्हणणं थांबलं. स्पीकर वाचणाऱ्याच्या पुढे ठेवा, मागे ठेवलात तर शिट्टी वाजते. कानाला मशीन असलेल्यांना वाचणाऱ्याजवळ बसवा, लांबून मशीनमध्ये खोलीचा घुमारा जास्त येतो.

पण माईकचा खरा फायदा वेगळाच निघाला. तो माझ्याकडे होता तोपर्यंत वर्ग म्हणजे प्रवचन होतं, मी बोलतेय आणि मंडळी माना डोलवतायत. "या उताऱ्याची मध्यवर्ती कल्पना काय" असं विचारलं की अशी शांतता व्हायची की विचारू नका, शाळा सोडून पन्नास-साठ वर्षं झाली तरी परीक्षेची भीती काही जात नाही. मग आम्ही गडकऱ्यांचं दारूच्या व्यसनावरचं नाटक 'एकच प्याला' घेतलं आणि पात्रं वाटून टाकली. या नाटकाचा पहिला प्रयोग आपल्या बडोद्यातच झालाय, फेब्रुवारी १९१९, गंधर्व नाटक मंडळी, दारुड्या नवऱ्याच्या बायकोच्या, सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व. गडकरी त्याच्या महिनाभर आधीच गेले होते, त्यांना तो बघायला मिळाला नाही. आणि आता दारूबंदीच्या गुजरातेत बसून आम्ही तेच मोठ्याने वाचतोय! त्यातला दारुडा तळीराम कुणी व्हायचं म्हटल्यावर कोणी पुढे येईना, शेवटी बँकेतून रिटायर झालेल्या, कधीच न बोलणाऱ्या काकांच्या हातात माईक गेला. त्यांनी चष्मा पुसला, घसा खाकरला आणि असा काही तळीराम वाचला की शेजारच्या खोलीतल्या भजनी मंडळाच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

त्यानंतर भांडण. एक काकू म्हणाल्या, सिंधूला पातिव्रत्याचे मार्क मी देणार नाही, पोराला घेऊन सरळ भावाकडे जायचं. काका म्हणाले, अहो काळ कुठला होता. तर काकू माईक न सोडता, "काळ जुना असेल, पण तिचा भाऊ पद्माकर होता ना! यायला तयार होता की घ्यायला." पुढचा अर्धा तास मी एक शब्द बोलले नाही. तेव्हापासून माझ्याकडे माईक फक्त सुरुवातीला पाच मिनिटं असतो.

कागदांबद्दल. बाजारातल्या स्वस्त आवृत्त्यांची अक्षरं मुंगीएवढी, म्हणून स्वतः टाईप करून वीस पॉइंटमध्ये काढते, मुक्ता फॉन्ट, ओळींत दीडपट अंतर, कागद चकचकीत अजिबात नको, ट्यूबलाइट चमकते त्यावर. झेरॉक्सवाल्याचं टोनर कमी असलं की आधी अनुस्वार आणि रफार उडतात, गठ्ठा घेण्याआधी एक पान उजेडात धरून बघा. स्पायरल बाइंडिंग करा, दुखऱ्या बोटांनी पान धरून ठेवावं लागत नाही. कॉपीराइटचं बरेच जण विचारतात, तर आपल्याकडे लेखक गेल्यानंतर साठ वर्षं असतो, म्हणजे गडकरी केव्हाच मोकळे झाले. जुनं बरंच काही विकिस्रोतवर टाईप केलेलं मिळतं.

टॅब एका काकांच्या मुलाने परदेशातून पाठवला. जुनी मराठी पुस्तकं स्कॅनच्या पीडीएफमध्ये, त्यात अक्षर मोठं होत नाही, नुसतं पानच फुगतं, मग प्रत्येक ओळीला डावीकडे-उजवीकडे सरकवत बसा. शिवाय मधेच फॉरवर्ड मेसेज आला की वर्ग संपला! आता त्यावर फक्त नाट्यगीतं लावतो. पदरचे पैसे घालून घेऊ नका.

ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्याकडे कागद कापडी पिशवीतून घरी जातात, आणि आम्ही फोन स्पीकरवर ठेवून त्यांनाही वाचायला लावतो. तसं सयाजीरावांनी १९१० साली बोर्डन नावाचा ग्रंथपाल अमेरिकेतून आणून गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरवल्याच होत्या, त्यापुढे आमची पिशवी म्हणजे काहीच नाही.

तक्रार एकच, स्पीकरची चार्जिंगची पिन चार महिन्यांत ढिली झाली, कंपनीवाले फोन उचलत नाहीत. रावपुऱ्यातल्या रिपेअरवाल्याने दीडशे रुपयांत नवीन बसवून दिली, तेव्हापासून चालू आहे. माईकला पाचपैकी साडेचार, कागदांना पाच, टॅबला दीड, आणि ते दीडसुद्धा बालगंधर्वांमुळे.