टिळकवाडीतील काँग्रेस विहीर : विनामूल्य पाहण्याजोगे एक आगळे ठिकाण

बेळगावात पाहुणे आले की आपण त्यांना किल्ल्यातील कमल बस्ती दाखवतो, कोटे केरेच्या काठावरचा ११० मीटर उंचीचा ध्वजस्तंभ दाखवतो आणि वेळ उरलाच तर राजहंसगडावर नेतो. परंतु टिळकवाडीतील काँग्रेस विहिरीकडे, जिथे तिकीट नाही आणि गर्दीही नाही, मुद्दाम वाट वाकडी करणारे फार थोडे. उद्यानातील प्रेक्षणीय वस्तू म्हणून चक्क एक विहीर पाहायची, ही कल्पनाच प्रथम अनेकांना विचित्र वाटते. माझ्या मते शहरातील विनामूल्य ठिकाणांत तिचा क्रमांक फार वरचा लागतो.

डिसेंबर १९२४ मध्ये २६ आणि २७ तारखांना येथे काँग्रेसचे एकोणचाळिसावे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषवलेले हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांच्या पुढाकाराने उभारलेल्या अधिवेशननगरीला विजयनगर असे नाव दिले होते आणि तिचे प्रवेशद्वार हंपीच्या विरूपाक्ष मंदिराच्या गोपुराच्या धर्तीवर सजवले होते. देशभरातून येणाऱ्या हजारो माणसांच्या पिण्याच्या पाण्याची सोय म्हणून ही विहीर खोदण्यात आली. तिला पंपा सरोवर हे नाव मिळाले. खर्च आला ४,३७० रुपये ३ आणे. गांधीजींसाठी बांधलेल्या बांबूच्या कुटीला ३५० रुपये लागल्याचे कळल्यावर त्यांनी नापसंती दर्शवली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे एवढी रक्कम पाण्यासाठी खर्च करणाऱ्या संयोजकांची दूरदृष्टी विशेष जाणवते. मंडप उतरला, ती कुटी गेली, गोपुराचे प्रवेशद्वारही गेले, पण विहीर जागेवर राहिली. पुढे १९९५ च्या पाणीटंचाईत शहरातील जुन्या विहिरींतला गाळ उपसून त्या पुन्हा वापरात आणण्याचे काम सुरू झाले, तेव्हा हिचाही गाळ काढला गेला. स्मारक म्हणून जपलेली वस्तू सत्तर वर्षांनी पुन्हा गावाच्या गरजेला उपयोगी पडावी, असे उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही, आणि या ठिकाणाबद्दल मला वाटणाऱ्या जिव्हाळ्याचे कारणही तेच आहे.

पाहण्यास अर्धा तास पुरतो. झोपाळे, घसरगुंड्या किंवा खाण्याचे गाडे यांच्या अपेक्षेने लहान मुलांना आणल्यास ती कंटाळतील. त्यांना अधिवेशनाची हकिकत घरूनच सांगून आणावे. मग विहिरीपाशी उभे राहून तीच मुले पाणी कसे काढत असतील, एवढ्या लोकांना ते पुरले कसे, असे प्रश्न विचारू लागतात. वीर सौध हे अधिवेशनाचे स्मारकही याच परिसरात असून तेथील जुनी छायाचित्रे पाहिल्याशिवाय परतू नये. माझा सल्ला असा की आधी छायाचित्रे पाहावीत आणि मग विहीर, कारण मंडपाचा विस्तार डोळ्यांसमोर असला म्हणजे विहिरीचे प्रयोजन चटकन उमगते.

एका गोष्टीची मात्र मनापासून अपेक्षा आहे. विहिरीची सविस्तर माहिती, तिच्या खर्चासह आणि नंतरच्या वापरासह, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत ठळकपणे वाचायला मिळावी. आपल्या गावात घरी एक, बाजारात दुसरी आणि शाळेत तिसरी भाषा बोलणारी मुले वाढतात आणि विजयनगरच्या नावाने उभ्या राहिलेल्या त्या नगरीचा वारसा या सर्वांचा आहे.

काँग्रेस रोडवर सायंकाळी वाहनांची वर्दळ असते, म्हणून सकाळी लवकर जाणे उत्तम. टिळकवाडीतच असलेल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत फिरायला येणाऱ्यांनी परतताना इकडे वळावे. वेगळा फेरा पडत नाही. पावसाळ्यात गेल्यास कठड्याजवळ मुलांचा हात धरून ठेवावा.