नाकात वजन की पोटात गायरो? डेल्टा जेट बनवताय तर हे वाचा

रिमोटवर उडवायचं, त्रिकोणी पंखाचं फोमचं डेल्टा जेट बनवायला घेतलं, तेजस नाहीतर मिराजच्या आकाराचं, की मागनं ढकलणारी पुशर मोटर, दोन एलेव्हॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) आणि त्या हलवायला दोन सर्व्हो इथपर्यंत सगळ्यांचं सारखंच असतंय. मग सीजीच्या, म्हणजे विमानाचा तोल जिथं बसला पाहिजे त्या, खुणेवर बोटं लावून उचललं की शेपूट खाली, कारण मोटर मागं आहे. इथनं दोन रस्ते फुटतात. एक म्हणजे बॅटरी पुढं सरकवायची, तेवढ्यानं भागलं नाही तर नाकात वजन कोंबायचं आणि विमान आपलं आपण सरळ राहील असं करायचं. दुसरा म्हणजे वजन घालायचंच नाही, सीजी थोडा मागंच राहू द्यायचा आणि गायरोवाला (विमान फिरलं की ते ओळखून एलेव्हॉन आपोआप हलवणारा) रिसीव्हर बसवून सांभाळायचं काम त्याच्या गळ्यात मारायचं. मी एकाच साच्यावरनं दोन विमानं कापून दोन्ही करून बघितलंय. मोजमापं वगैरे काही नाहीत, हाताला जे जाणवलं ते सांगतोय.

आधी गायरोवाल्यांची बाजू, कारण ती खरंच वजनदार आहे (वजन न घालता). सीजी पुढं असला की पंखाची उचल त्याच्या मागं पडते, नाक सारखं खाली जायला बघतंय, आणि ते वर धरायला एलेव्हॉन वर ठेवायला लागतात. डेल्टाला वेगळी शेपटी नाही, त्यामुळं ज्या पंखानं विमान उचलायचं त्याचीच मागची कड विमानाला खाली दाबत बसते. जुन्या मिराज ३ ला हेच दुखणं होतं, लँडिंगचा वेग जास्त आणि घट्ट वळण धरून ठेवलं की स्पीड भराभर उतरायचा. मिराज २००० नं १९७८ साली पहिलं उड्डाण केलं, त्यात ते बनवणाऱ्या दासो कंपनीनं आकार तोच डेल्टा ठेवला पण सीजी मागं नेला आणि विमान सांभाळायला फ्लाय-बाय-वायर, म्हणजे पायलटच्या स्टिक आणि एलेव्हॉनच्या मध्ये कॉम्प्युटर, दिलं. अशा अस्थिर विमानात एलेव्हॉन सरळ किंवा उलट किंचित खाली राहतात, म्हणजे ते पण उचल देतात, वर नाक उचलायला सांगितलं की लगेच उचलतंय. अमेरिकेच्या एफ-१६ चं पण तत्त्व हेच आणि आपल्या तेजसचं पण. तेजसमध्ये तर चार-चार चॅनेलचं डिजिटल फ्लाय-बाय-वायर आहे, एक-दोन गंडले तरी बाकीचे सांभाळतील म्हणून, कारण तिथं कॉम्प्युटर बंद म्हणजे विमान गेलं. १९९८ च्या पोखरणनंतर अमेरिकेनं मदत थांबवली तरी आपल्या लोकांनी त्याचं कंट्रोलचं काम पुरं केलं आणि ४ जानेवारी २००१ ला ते बंगळुरात उडालं. हे वाचलं की कुणालाही वाटणारच की आपल्या मॉडेलमध्ये पण असलंच काहीतरी पाहिजे.

आणि मॉडेलमध्ये गायरोचा फायदा दिसतोय पण. हातानं फेकताना पंख झुकला तर आपण बोट हलवायच्या आत तो सरळ करतोय. साताऱ्याकडं चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या त्या वाऱ्यात, बिनगायरोचं विमान पतंगासारखं हेलकावत होतं आणि गायरोवालं रुळावरनं चालल्यागत गेलं, तिथं काही बोलायला जागाच नाही. लूप (हवेत उभा गोल) पण लहान बसतोय. उडवायच्या आधी गायरोची दिशा तपासायला लागते, उलटी असली तर विमान हातातनं सुटल्या सुटल्या जमिनीत, पण ती सवयीची गोष्ट आहे, त्याचं कौतुक नको.

मग माझं बिनसलं कुठं, तर गेनमध्ये.

गेन म्हणजे गायरोनं किती जोरात दुरुस्ती करायची ते. तो लँडिंगच्या वेगाला छान जुळवला, विमान मऊ लोण्यागत खाली येतंय, आणि त्याच सेटिंगवर फुल थ्रॉटल दिला की विमान थडथड थडथड करायला लागतंय, पंख इतके भराभर वरखाली की सर्व्होचा आवाज खालनं ऐकू येतोय. कारण सरळ आहे, वेग दुप्पट झाला की एलेव्हॉनचा जोर चौपट होतो, म्हणजे गायरोनं केलेली प्रत्येक दुरुस्ती गरजेच्या चौपट, मग ती दुरुस्त करायला उलटी दुरुस्ती, असं चालूच. बरं गेन कमी केला तर वरती छान, पण खाली येताना, जिथं त्याची खरी गरज आहे, तिथंच तो झोपतोय. यावर सगळे सांगतात की ट्रान्समीटरच्या नॉबवर गेन घे आणि उडता उडता फिरव. मी तेच केलं. पण सीजी मागं असलेलं विमान, समोर संध्याकाळचं ऊन, आणि लँडिंगच्या वळणावर आपण नॉब कुठं आलाय हे बघायला मान खाली घालायची, हे मला काही पटलं नाही. पटलं नाही म्हणजे दरवेळी चिडचिड. विमान उडवायला आलोय का रेडिओ लावायला?

खऱ्या फायटरला ही कटकट का नाही, तर त्याला हवेचा वेग कळतो, हवेशी नाकाचा कोन किती झालाय ते पण कळतंय, आणि त्याप्रमाणं कॉम्प्युटर स्वतः गेन बदलत राहतो. आपल्या स्वस्तातल्या गायरोला फक्त विमान किती भरकन फिरतंय एवढंच कळतंय, बाकी तो आंधळा. आणि त्यांना सुद्धा हे फुकटात मिळालेलं नाही. २० जानेवारी १९७४ ला अमेरिकेच्या एडवर्ड्स हवाई तळावर एफ-१६ च्या पहिल्या नमुन्याची नुसती धावपट्टीवर पळवायची टेस्ट होती, रोलचा (डाव्या-उजव्या अंगावर झुकवायचा) कंट्रोल नको तितका तिखट होता, विमान डाव्या-उजव्या अंगावर इतकं झोकांड्या खायला लागलं की पायलट फिल ऑस्ट्रायकर यांनी ते जमिनीवर ठेवण्यापेक्षा उडवलेलंच बरं म्हणून उडवलं आणि सहा मिनिटांनी उतरवलं. स्वीडनच्या ग्रिपेनचा पहिला नमुना २ फेब्रुवारी १९८९ ला लँडिंगलाच पायलट आणि कॉम्प्युटरच्या ओढाताणीत उलटला, पायलट वाचला. एवढ्या मोठ्या कंपन्या, एवढे इंजिनियर, तरी ही गत. आपण तर सनबोर्डवाले, फोमची शीट कापून विमान करणारे.

आता नाकात वजनवालं. त्याचं कौतुक करण्यासारखं फार नाही हे आधीच कबूल, ते जरा मठ्ठ वाटतंय. लूप मोठा लागतो, उलटं उडवताना स्टिक बरीच पुढं दाबायला लागते, आणि उतरताना पळतंय. सांगलीत हा शेवटचा मुद्दा हलका नाही. कवलापूरला विमानतळ होईल तेव्हा होईल, आम्ही आपलं ऊस तुटून गेलेल्या रानात उडवतोय, आणि शेजारच्या रानातला ऊस उभाच असतोय, पळतं विमान त्यात घुसलं की शोधायला पाचटानं हात कापून घ्यायचे. पण हे विमान हळू झालं की स्वतः नाक खाली घालून सांगतंय की बाबा स्पीड दे. फुल थ्रॉटल असो नाहीतर मोटर बंद, तेच वागणं. गायरोवालं मात्र हळू होत असताना पण नाक छान वर धरून ठेवतंय, काही झालंच नाही असं दाखवतंय, आणि एलेव्हॉन आणखी हलायला जागा उरली नाही की एकदम बसतंय. आधी काही सांगत नाही हो ते!

तुमचं ग्राउंड अगदीच लहान असेल, किंवा पठारावरच उडवायचं असेल, तर गायरो लावा, मी अडवणार नाही. पिटो (हवेचा वेग मोजणारी नळी) जोडता येईल असा फ्लाइट कंट्रोलर घ्यायची तयारी असेल तर मग माझं वरचं रडगाणं सोडूनच द्या, तो वेग बघून गेन स्वतः बदलतो, पण त्याचं सेटिंग करायला लॅपटॉप घेऊन बसायला लागतंय आणि खर्च वेगळा. ज्याला संध्याकाळी कामावरनं येऊन, बॅटरी लावून, दोन-चार चकरा मारून घरी जायचंय त्यानं, माझ्या मते हं, नाकात वजन घालावं. दोन्हीचा मध्य पण निघतो, सीजी पुढं आणि गायरो अगदी कमी गेनवर नुसता रोलला, मित्राचं तसंच आहे आणि बरं उडतंय. माझ्यातला गायरो मात्र काढून आता डब्यात पडलाय.

वजनासाठी शिसं शोधत फिरू नका, टायरवाल्याकडं व्हील बॅलन्सिंगच्या चिकटपट्ट्या मिळतात, ५ आणि १० ग्रॅमचे तुकडे असतात, मोजायला सोपं जातंय. जितकं नाकाच्या टोकाजवळ तितकं कमी लागतंय. आणि आतनंच चिकटवा, वरनं हॉट ग्लूचा एक थर द्या, नुसत्या पट्टीवर सोडलं तर आपल्याकडच्या उन्हात गोंद सुटतोय आणि वजन घरंगळत मागं आलं की मग सीजीचं काय होतंय ते सांगायला नकोच.