सिलिकॉनची नळी आणि खाली कॉक असलेली युरीन बॅग: उन्हाळा-पावसाळा वापरून

आप्पांना प्रोस्टेटमुळे लघवी अडते आणि हृदय कमजोर असल्याने ऑपरेशन नको असं ठरलंय, त्यामुळे नळी कायमचीच. आधी लॅटेक्सची होती. बदलायची तारीख यायच्या आतच क्षार साचून तुंबायची. उन्हाळ्यापासून पूर्ण सिलिकॉनची, 16 नंबर जाडीची फोली (मूत्राशयात ठेवायची लघवीची नळी) घालतोय. किंमत कितीतरी जास्त, पण ती बारा आठवड्यांपर्यंत ठेवता येते आणि आमच्याकडे तुंबणं बरंच कमी झालं.

मात्र ‘सिलिकॉन घातली की इन्फेक्शन होत नाही’ हे मेडिकलवाल्याचं बोलणं सोडून द्या. नळी कुठलीही असो, महिनाभर राहिली की जवळपास प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतातच. म्हणून लघवी जरा गढूळ दिसली की कल्चर (लघवीतल्या जंतूंची तपासणी), लगेच अँटिबायोटिक, असं आमचे डॉक्टर करत नाहीत. ताप, थंडी, ओटीपोटात दुखणं किंवा आप्पा अचानक असंबद्ध बोलायला लागले, तर मात्र थांबायचं नाही.

खरा फरक पडला तो बॅगने. तळाला कॉक असल्याने रिकामी करताना नळीचा जोड उघडावा लागत नाही, आणि जंतू शिरायची मोठी वाट तीच. कॉकचं टोक भांड्याला टेकू द्यायचं नाही, आधी-नंतर हात धुवायचे. बॅग 2 लिटरची असली तरी पूर्ण भरायची वाट बघत नाही; जड झाली की नळीला ओढ बसते. त्यासाठी मांडीला पट्टा घेतलाय. ओढ थांबल्यावर लघवीच्या जागेची आगही थांबली. हा पट्टा डॉक्टरांनी लिहून दिला नव्हता, सिस्टरने सुचवला. सगळ्यात स्वस्त वस्तू आणि सगळ्यात उपयोगी.

स्वच्छतेला रोज साबण-पाणी पुरतं, डेटॉल-बिटॉल नको. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे आप्पांची बादली वेगळी भरून ठेवतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की लघवी गडद होते; पाणी किती द्यायचं ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच वाढवलं.

तक्रार एकच, बॅगचा हूक. आमच्या लोखंडी कॉटच्या जाड पाइपात तो बसतच नाही, आणि बॅग मूत्राशयाच्या खाली तर हवी पण फरशीला टेकायला नको. शेवटी नाडीने बांधली. रिक्षातून नेताना लोक ती मांडीवर घेऊन बसतात, तसं केलं की लघवी उलटी आत जाते. आम्ही पायाजवळ धरतो. पुन्हा घेताना हीच बॅग घेईन, हूक मात्र दुकानातच तपासून.